धावड्याच्या मिरचीतली रेघ

जुना जालना
२ मार्च २०२५

आदिनाथ यांस,

फोन करणार नाही आणि भेटणार नाही, असा शब्द मी काकूंना, तुमच्या आईंना, दिला आहे. पत्राबद्दल त्या दिवशी काही ठरलं नव्हतं. घरात कोणीही वाचलं तरी चालेल असं हे पत्र लिहिते आहे.

तुमच्या मळ्यातल्या मिरचीचं बी यंदा गावात एकतीस घरांना द्यायचं ठरलं आहे, असं बाबांनी सांगितलं. ते देऊ नका. दिलं असेल तर रोपांच्या ट्रेमध्ये टाकू देऊ नका. त्या मिरचीला व्हायरस लागत नाही, असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. आता मला वाटतं की लागतो. 'वाटतं' हा शब्द विचार करून लिहिला आहे. पक्कं व्हायला आणखी दोन-तीन आठवडे लागतील आणि तोवर तुमचे ट्रे भरून झालेले असतील.

काय घडलं ते सांगते. तुम्हाला मी हे पूर्वी तोंडी सांगितलं आहे, पण काका, तुमचे वडील, वाचतील तर त्यांनाही कळावं म्हणून पहिल्यापासून.

झाडाच्या पेशीत प्रथिनं तयार होतात. ते काम सुरू करून देणारा एक घटक असतो, आमच्या प्रयोगशाळेत त्याला फोर-ई म्हणतात. व्हायरसला स्वतःची प्रथिनं करता येत नाहीत. तो झाडात शिरतो, हा फोर-ई पकडतो आणि आपलं काम झाडाकडून करून घेतो. एखाद्या झाडात फोर-ई नसेल, तर झाडाचं त्याच्यासारख्या दुसऱ्या घटकावर भागतं, पण हा व्हायरस उपाशी राहतो.

फोर-ई आहे की नाही हे बघायला आम्ही अँटिबॉडी वापरतो. सशाच्या रक्तातून काढलेली, परदेशातून बर्फात येणारी बोटाच्या पेराएवढी बाटली. पानाचा अर्क एका पांढऱ्या पट्टीवर उतरवायचा आणि त्यावर ही अँटिबॉडी सोडायची. फोर-ई असेल तिथे ती चिकटते आणि पट्टीवर काळी रेघ उमटते. तुमच्या मिरचीच्या पानात ती रेघ कधीच उमटली नव्हती. मी सात वेळा करून पाहिलं होतं. सातही वेळा जागा कोरी आली. त्या कोऱ्या जागेवर मी तुम्हाला शब्द दिला.

गेल्या महिन्यात माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मीनाने टोमॅटोसाठी दुसरी अँटिबॉडी मागवली. तिला एक असा नमुना हवा होता ज्यात फोर-ई नाहीच, म्हणजे तिची बाटली खोटी रेघ दाखवत नाही ना ते कळतं. मी खात्रीने तुमच्या मिरचीचं पान दिलं. पट्टी धुतली आणि मीना म्हणाली, "प्रीती, तुझ्या गावची मिरची बोलायला लागली की गं."

रेघ होती. ठळक होती.

माझी अँटिबॉडी आख्खं प्रथिन ओळखत नाही. ती त्याचा सुरुवातीचा एक लहान तुकडा ओळखते. मीनाची शेवटचा तुकडा ओळखते. जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना, तसं समजा. बिल्ले मोजणारा माणूस गोठ्यात आला. गाय उभी आहे, पण तिच्या कानात बिल्ला नाही. तो लिहून जातो, गोठा रिकामा. मी तसं केलं असण्याची शक्यता आहे.

बी थांबवा. एवढंच काम होतं.

प्रीती रामकिसन
धावडा (सध्या जालना)


जुना जालना
२८ मार्च २०२५

आदिनाथ यांस,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलं नव्हतं. पण पत्र पोचलं हे मला कळलं, कारण काका पारावर जे बोलले ते बाबांनी फोनवर जसंच्या तसं सांगितलं. "लगीन मोडलं म्हणून आता बी मोडून राह्यली." लोक हसले म्हणे. बाबाही तिथेच होते. त्यांना विचारलं, तुम्ही काय म्हणालात? म्हणाले, "मी काय म्हणणार? माझे पण ट्रे भरून झाले."

म्हणजे ट्रे भरले.

काकांच्या वाक्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक गोष्ट लिहिते. सूड घ्यायचा असता, तर मी गप्प बसले असते. तुमच्या घरच्यांनी एकतीस घरांत बी वाटलं असतं आणि जून-जुलैत गावाने तुम्हाला जे काही म्हटलं असतं, ते मी जालन्यात बसून ऐकलं असतं. त्याला माझा एक दिवसही लागला नसता.

आता पक्की गोष्ट. तुमच्या मिरचीच्या फोर-ईची पूर्ण रचना तपासून आली. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. माझी अँटिबॉडी सुरुवातीच्या ज्या पंधरा मण्यांना ओळखते, त्यांतले दोन मणी तुमच्या मिरचीत वेगळे आहेत. तेवढ्याने अँटिबॉडीला माळ सापडत नाही. ज्या ठिकाणी व्हायरस पकडतो ती जागा मात्र इतर मिरच्यांसारखीच आहे. फोर-ई आहे आणि व्यवस्थित काम करतो आहे. 'वाटतं' हा शब्द मी आता मागे घेते.

तुम्ही विचाराल, मग ते पहिलं झाड हिरवं कसं राहिलं? आजूबाजूचं सगळं रान चितकबरं झालं असताना ते एकटं उभं होतं, हे तुम्ही मला हात धरून दाखवलं होतं. मी ते विसरले नाही. पण त्या झाडाच्या तीन बाजूंना मका होता. मावा, म्हणजे हा व्हायरस पसरवणारी बारीक कीड, आधी मक्यावर बसतो, तिथे सोंड खुपसतो आणि सोंडेवरचा व्हायरस तिथेच पुसला जातो. ते झाड वेगळं नव्हतं. ते आडोशाला होतं. मका मीही पाहिला होता. मला त्या वेळी झाड बघायचं होतं.

आमच्या बियाणे कंपनीतले हरिओम सर म्हणतात, कंपनीचं म्हणणं ठरेपर्यंत बाहेर बोलू नका. त्यांचं चूक नाही. बी तुमच्या घरचं आहे, कंपनीने अजून ते विकत घेतलेलं नाही, त्यामुळे गावात काय होतं हा त्यांचा प्रश्न नाही. माझा आहे.

माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तुम्ही स्वतः बघा. रोपांना चार पानं आली की व्हायरस लागलेलं एक पान घ्या, थोड्या पाण्यात वाटा. बाबांकडे पुडीत राखाडी भुकटी पाठवते आहे, ती चिमूटभर रोपाच्या पानावर टाका आणि रसात बुडवलेलं बोट हलकं चोळा. पान फाटू नये, फक्त खरवडलं जावं. मग पाण्याने धुवा. पाच-सहा रोपांवर करा, जाळीखाली वेगळी ठेवा. दोन-अडीच आठवड्यांत पानांवर फिकट-गडद चट्टे आले तर मी म्हणते ते खरं. लागवडीच्या आत तुम्हाला कळेल.

हे आजच सुरू करण्यासारखं आहे.

प्रीती


धावडा
१६ एप्रिल २०२५

आदिनाथ,

चौदा तारखेसाठी गावी आले होते. मिरवणूक संपल्यावर बाबांनी तुझी चिठ्ठी दिली. दोन ओळी. "चोळून पाहिलं. पानं हिरवीगार आहेत. आता बस कर."

मी ती दोनदा वाचली आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही की, मी चुकले असेन. खरंच. मला बरं वाटलं. पाच मिनिटं मी आईला भाकरी थापू लागले आणि मनात म्हटलं, असू दे, गाव वाचलं. मग मी बाबांना विचारलं, कुठलं पान घेतलं होतं त्यांनी? बाबा म्हणाले, "झुंबरबाईच्या हिरीवर मागल्या सालाची मिरची हाय ना, तिच्यावर लई व्हायरस हाय. तिथलं."

मी संध्याकाळी जाऊन ते झाड पाहिलं. पानं वाटीसारखी वर वळलेली, आखडलेली. आदिनाथ, तो चुरडा-मुरडा आहे. तो पांढऱ्या माशीने पसरतो, फुलकिड्याने होतो. तो हाताने चोळून लागत नाही. कुठल्याच मिरचीला लागत नाही. तू दहा वर्षं चोळलंस तरी पानं हिरवीगारच राहतील.

यात माझीही चूक आहे. मी 'व्हायरस लागलेलं पान' असं लिहिलं. आपल्याकडे पान वळलं तरी व्हायरस, पिवळं पडलं तरी व्हायरस, झाड नुसतं रुसलं तरी व्हायरसच. मी याच गावची आहे. प्रयोगशाळेत बसून हे माझ्या लक्षात राहिलं नाही. चट्ट्यांचं पान, वळलेलं नाही, असं स्पष्ट लिहायला हवं होतं.

आणि दुसरी गोष्ट मी लिहिलीच नाही, कारण आमच्याकडे ती सांगावी लागत नाही. तोच रस साध्या, बाजारातल्या मिरचीच्या रोपावरही चोळायचा असतो. साधं रोप आजारी पडलं आणि तुझं हिरवं राहिलं, तर तुझं रोप चांगलं. दोन्ही हिरवी राहिली, तर काहीच कळलं नाही. तू साध्या रोपावर चोळलं होतंस का? मला उत्तर देऊ नकोस. स्वतःला दे.

काल कामाला भोकरदनला गेले होते, तिथे स्टँडवर काकू भेटल्या. त्यांनी तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. मी बाकावर बसले होते, त्या आल्या आणि पिशवी मधे ठेवून बसल्या.

"पत्रं लिहून राह्यली म्हणं तू."

"हो काकू. फोन करत नाही."

"लई हुशार हायेस. मी फोनला न्हाई म्हणलं तर तू पोष्ट हुडकलं." मग जरा वेळाने, दुसरीकडे बघत, "खरं सांग. बी खराब हाय का?"

"खराब नाही काकू. मिरची चांगली आहे. रंग चांगला, तिखटपणा चांगला. फक्त व्हायरस थांबवत नाही, आणि थांबवते या भरवशावर लोक बेसावध राहतील."

"मंग सगळ्यांचीच तशी असती की."

"हो. सगळ्यांसारखीच आहे. एवढंच मी लिहिते आहे."

त्या हसल्या. खरंच हसल्या, तोंडाला पदर लावून. "हे यांना कोण सांगल बाई? यांनी पाव्हण्यारावळ्यांत सांगून ठेवलंय, आमच्या मळ्यातलं बी सगळ्या मराठवाड्यात जाणार. परवा तर जावयाला म्हणले, पाकिटावर माझा फोटू टाकणारेत. कोणता फोटू द्यावा म्हणून दोन दिवस पेटी उचकून राह्यले."

एवढ्यात धावड्याची गाडी लागली. काकू उठल्या, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "मी ह्या गाडीनं जाते. तू मागच्यानं ये, हां. गाडीत आपल्या गावचे लोक हायेत."

मी मागच्या गाडीने आले.

अक्षय तृतीयेला लागवड आहे. योग्य पान घेऊन पुन्हा चोळायला आणि चट्टे दिसायला आता तेवढे दिवस नाहीत. म्हणजे तुला पुराव्याशिवाय ठरवावं लागेल. माझ्याकडे रेघ आहे, ती तुला दाखवता येईल. पण ती बघून तुला काही कळणार नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला रेघ दाखवणं म्हणजे दम देणं.

तरी सांगते, लावू नकोस.

प्रीती


धावडा
१ मे २०२५

आदिनाथ,

रविवारी गावच्या सभागृहात, लागवडीच्या बैठकीत, जे झालं ते तू पाहिलंस. मी मागे बायकांत बसले होते, मला तिथून काय दिसलं ते लिहिते.

काका बोलत होते. एका एकरात किती रोपं, मल्चिंगचा कागद कोणाकडून घ्यायचा, ठिबकच्या नळ्या कधी पसरायच्या. सगळं त्यांना पाठ होतं. कोणी तरी मागून म्हणालं, "ते रामकिसनच्या पोरीचं काय?" काका म्हणाले, "आदिनाथनं स्वतः चोळून बघितलंय. काई झालं न्हाई. विषय संपला."

तेव्हा तू उभा राहिलास. मला वाटलं, हो म्हणायला उभा राहिलास.

तू म्हणालास, "मी चुकीचं पान चोळलं. झुंबरबाईच्या हिरीवरलं."

झुंबरबाई माझ्या शेजारी होत्या. त्या ओरडल्या, "माझ्या हिरीवरलं पान नेलं अन् मला इचारलं बी न्हाई!" लोक हसले. तू थांबलास, हसणं संपू दिलंस आणि म्हणालास, "मी साध्या मिरचीवर पण चोळलं होतं. ती पण हिरवीच राह्यली. म्हंजी माझ्या परीक्षेत कोणीच नापास झालं न्हाई. असली परीक्षा काय कामाची?"

तू साध्या रोपावर चोळलं होतंस. मी न सांगता. आणि तुझ्या चिठ्ठीत ते नव्हतं. चिठ्ठी लिहिताना तुला माहीत होतं. मी हे रागाने लिहीत नाही. मला फक्त ते नोंदवायचं आहे.

काकांनी वळून बायकांत बसलेल्या माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग एकतीस घरचे ट्रे उकिरड्यावर टाकायचे? ह्या पोरीच्या एका रेघेपायी?"

"आपल्या घरचे मी टाकतो," तू म्हणालास. "बाकीच्यांनी आपापलं बघा. नर्सरीत साधी रोपं बिलकुल मिळून जातील, मी गाडी घेऊन जातो. साधी असली की भोवती मका लावायला कोणी इसरत न्हाई."

त्यानंतर जो कल्ला झाला त्यात कोण काय म्हणालं ते मला लागलं नाही. एकच वाक्य स्पष्ट ऐकू आलं. काका बाबांच्या समोर येऊन म्हणाले, "रामकिसन, तुझ्या पोरीनं बदला बराबर घेतला." बाबा उठले, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि बाहेर गेले.

मागच्या वर्षी काकू माझ्या जालन्याच्या खोलीवर आल्या होत्या, तेव्हा तू खाली गाडीवर बसून होतास. गल्लीत धान्याची पोती उतरत होती, तू गाडी दोनदा पुढेमागे घेतलीस. खिडकीतून मला दिसत होतं. काकू मला जे सांगत होत्या ते ऐकताना मी तुझ्याकडे बघत होते. तू एकदाही वर बघितलं नाहीस. रविवारी तू अख्ख्या गावापुढे, काकांच्या समोर उभा राहिलास. ही दोन्ही माणसं मी पाहिली आहेत. त्यांतलं कोणतं खरं धरायचं ते मला कळत नाही. एक लक्षात ठेव, रविवारी तू माझ्यासाठी उभा राहिला नाहीस, आणि तेच मला बरं वाटलं.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. अठ्ठावीस घरांनी ट्रे टाकले असं कळलं. दोघांनी आधीच लागवड उरकली होती, त्यांनी काढून टाकली. उरलं एक घर. आमचं.

बाबांनी काल, अक्षय तृतीयेला, रस्त्याकडेच्या दहा गुंठ्यांत तीच रोपं लावली. मी सकाळी उठले तोवर बाबा आणि आई अर्धा तुकडा लावून मोकळे झाले होते. मी बांधावरून ओरडले. जन्मात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. म्हटलं, सगळं गाव थांबलं आणि तुम्ही लावता? माझंच ऐकत नाही तुम्ही?

बाबा वर न बघता म्हणाले, "तुझंच बी हाय ना. मी लावणार."

"माझं नाही ते. काकांच्या मळ्यातलं आहे. आणि माझा निकाल चुकीचा होता, किती वेळा सांगू?"

"सांगू नको मंग."

त्यांना वाटतं, मी हरले असं दिसू नये म्हणून त्यांनी माझ्या बाजूने उभं राहायचं आहे. मी तरी असं समजते. मी मावा, व्हायरस, शेजारच्या रानाला धोका, सगळं सांगितलं. म्हणाले, शेजारी कोणाची मिरची न्हाई, दोन्हीकडं तूर पेरायची हाय. मी म्हटलं, मग निदान भोवती मका लावा. "मका न्हाई लावायचा," बाबा म्हणाले, आणि पुढच्या सरीकडे गेले.

आईला विचारलं, हे असं का करत आहेत? आई म्हणाली, "त्यांच्या मनात काय हाय ते ते सांगत न्हाईत. तुझ्यावानीच हायेत."

मी उद्या जालन्याला परत जाते. रस्त्याने जाताना तुला ते दहा गुंठे दिसतील. लोक तुला विचारतील, ती म्हणते लावू नका, मग तिच्याच बापाने कशी लावली? मीही तेच विचारते आहे. तुझ्याकडे उत्तर असेल तर दे.

प्रीती


धावडा
११ जून २०२५

आदिनाथ,

हे टपालाने पाठवत नाही. झुंबरबाई तुमच्याकडे ताक न्यायला येणार आहेत, त्यांच्या हाती देते. त्या वाटेत वाचतील. वाचू देत.

परवा बाबांचा फोन आला. एरवी ते कामाचं बोलून ठेवून देतात. या वेळी म्हणाले, "ये एकदा." काय झालं विचारलं तर, "काई न्हाई. ये." मी रजा टाकून आले.

बाबा मला सरळ रानात घेऊन गेले. झाडं गुडघ्याच्या वर आहेत. रस्त्यालगतच्या दुसऱ्या सरीत ते वाकले आणि एक पान माझ्यापुढे धरलं, खुडलं नाही, झाडावरच. शिरांच्या कडेने गडद हिरवं, मधे फिकट, पुस्तकातल्या चित्रासारखं. मी पुढची सरी पाहिली. त्यापुढची पाहिली. अर्ध्याहून जास्त झाडांवर आहे. पिशवीत व्हायरस तपासायची पट्टी आणली होती, तीही करून पाहिली. गरज नव्हती.

मला खोटं ठरायचं होतं, आदिनाथ. एप्रिलपासून मी रोज हाच विचार करत होते की बाबांचं रान हिरवं राहावं. गावाने माझी थट्टा केली तरी चालली असती.

मी बांधावर बसले. बाबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "झालं ना तुझं बराबर?"

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"तू सांगितलंस की. सात येळा केलं म्हणली तवा पण खरं मानलं, आन् चुकलं म्हणली तवा पण खरं मानलं."

"मग लावलं कशाला?"

त्यांनी चुन्याची डबी काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. "न्हाई लावलं असतं तर काय झालं असतं? सगळ्यांनी रोपं टाकली. कोणाच्याच रानात ती मिरची न्हाई. मंग जल्मभर म्हणले असते, लई भारी बी व्हतं, रामकिसनच्या पोरीनं रागापायी बुडवलं. तुझी ती रेघ मला दिसत न्हाई बाई, अन् गावाला बी दिसत न्हाई. पान दिसतं. म्हणून रस्त्याच्या कडंला लावलं."

"म्हणून मका लावू दिला नाहीत?"

"मका लावला असता तर वाचली असती ना."

"तुमचं रान गेलं, बाबा."

"दहा गुंठं," ते म्हणाले, आणि उठले.

मी इतकी वर्षं शिकले, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तुला पत्रात लिहिलं होतं, बाबांना मी हरले असं दिसू द्यायचं नाही म्हणून. तसं नव्हतं. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकलं होतं, आणि गावात ते कसं ऐकलं जाईल हेही त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

दोन दिवसांत बरीच माणसं येऊन बघून गेली. बाबा कोणाला बोलवत नाहीत. रस्त्यावर गाडी थांबते, माणूस उतरतो, सरीत वाकतो, पान उलटं करून बघतो. काल दोघे जण पारावरचे, जे त्या दिवशी हसले होते, ते आले. एकाने आईकडे पाणी मागितलं आणि प्यायला. आई मला नंतर म्हणाली, त्याने आपल्याकडे पाणी प्यायलेलं तिला तरी आठवत नाही. मी तांब्या पुन्हा भरून ठेवला. एक तांब्या पाणी आहे, त्यातून मी काही काढणार नाही.

काका रोज याच रस्त्याने भोकरदनला जातात. आमच्या तुकड्याशी गाडी हळू होते. मान वळत नाही.

प्रयोगशाळेतला माझा अहवाल मंजूर झाला. हरिओम सरांनी त्यावर सही केली आणि ही मिरची यादीतून काढली. पहिली अँटिबॉडी आता एकटी वापरायची नाही असा नियम झाला. तिथला विषय संपला आहे.

इथला नाही. ही झाडं उभी ठेवता येणार नाहीत. पाऊस धरला की मावा उडेल आणि पाटापलीकडच्या मिरचीवर जाईल, त्यात नर्सरीतून तूच आणून दिलेली रोपं आहेत. रविवारी सकाळी सगळी झाडं मुळासकट काढून, खड्डा करून पुरायची. खड्डा बाबांनी आजच खणायला घेतला आहे.

म्हणजे बघायचं असेल तर शनिवारपर्यंत. काकांना घेऊन ये. दिवसा या. बाबा त्यांना काही बोलणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते. पान दाखवतील, तेवढंच. काकांना वाईट वाटेल, ते मला टाळता येत नाही. त्यांची मिरची वाईट नव्हती, हे मी त्यांना तोंडावर सांगेन.

काका आले नाहीत, तर तू रविवारी ये. मावा उडू नये म्हणून झाडं उपटताना हलवायची नाहीत, एकाने पिशवी धरायची, दुसऱ्याने बुंध्याशी धरून काढायचं, म्हणजे दोन जोड्या लागतात. मजूर सांगितला तर मिळेल, पण मी सांगितलेला नाही.

काम चार माणसांचं आहे. आम्ही तिघं आहोत.

प्रीती